टायर मोठे घातलेत? आता ब्रेककडे बघा

जुनी थार, जिप्सी किंवा एखादी जपून ठेवलेली जीप घेतली की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी मोठे टायर, मग सस्पेन्शनला लिफ्ट (म्हणजे गाडी उंच करणं), पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, टपावर कॅरिअर. ब्रेकची आठवण होते ती हे सगळं लादून घाट उतरताना. मग माणूस गॅरेजमध्ये जाऊन म्हणतो, "मोठी डिस्क बसवून द्या." बहुतेकांना मोठ्या डिस्कची गरजच नसते. आहे तो ब्रेक आधी धड करायचा, मग टायरने आणि वजनाने त्यातलं किती खाल्लं ते मोजायचं आणि तेवढंच भरून काढायचं. खाली सगळं याच क्रमाने सांगितलं आहे. क्रम मोडलात तर पैसे जातील आणि ब्रेक होता तसाच राहील.

नमुन्याला २०१० ते २०२० या काळातली थार घेऊ. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडनी दाबतो), मागे ड्रम (फिरता डबा, त्याला आतून लायनर लावलेले शू दाबतात). जिप्सीचीही मांडणी हीच. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या जीपचं पुढे वेगळं सांगतो.

आधी हिशेब

त्या थारचा कंपनीचा टायर २३५/७० आर १६, म्हणजे उंचीला साधारण ७३५ मिलिमीटर. ३३ इंची टायर ८३८ मिलिमीटरचा. त्रिज्या १४ टक्क्यांनी वाढली. ब्रेक चाक पकडतो मध्याजवळ आणि टायर जमिनीला टेकतो बाहेरच्या कडेला. ते अंतर वाढलं की तोच ब्रेक तोकडा पडतो. पेडलवर पूर्वीइतकाच जोर दिला तर गाडी थांबवणारा जमिनीवरचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. ३१ इंची टायर घातला तर त्रिज्येतली वाढ ७ टक्क्यांची, म्हणजे निम्मं दुखणं.

एवढ्यावर भागत नाही. ३३ इंचीवर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६८ ने पळत असते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे काट्यावरच्या त्याच ६० ला ब्रेकला ३० टक्के जास्त काम. शिवाय गिअर टाकून इंजिनावर गाडी रोखता, तो जोरही याच हिशेबाने कमी झालेला. नवा टायर वजनाने जड असतो, तो फिरता थांबवायचं काम वेगळंच.

आता घाट. खोपोली आणि खंडाळा यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरचा फरक आहे. एवढं उतरताना जी ऊर्जा मुरवावी लागते, ती सगळी ब्रेकवर टाकली तर ६० च्या वेगातून ३५ वेळा पूर्ण थांबण्याइतकी होते. गाडी हलकी असो वा जड, ३५ चा आकडा बदलत नाही. जड गाडीत प्रत्येक वेळची उष्णता तेवढी जास्त. बराचसा भार इंजिन उचलतं, काही हवा आणि टायर उचलतात. पण गिअर चौथा ठेवून ब्रेकवर पाय टेकवून उतरणाऱ्याचे पॅड का जळतात, ते यावरून कळावं.

कायद्याचं एकदाच आणि स्पष्ट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच मापाचे चांगले पॅड, नवं ब्रेक ऑइल, नवे होज (ब्रेकच्या लवचीक नळ्या) ही देखभाल झाली, त्याला कोणी हरकत घेत नाही. अ‍ॅक्सल बदलणं, दुसऱ्या गाडीचे कॅलिपर वेल्डिंग करून लावणं ही वेगळी गोष्ट. त्यात विमा कंपनीही हात वर करू शकते. ३३ इंची टायर आणि मोठी लिफ्टही याच खात्यात येतात, हे विसरू नका. गाडी फक्त खासगी जमिनीवरच्या स्पर्धांना ट्रेलरवर नेणार असाल तर प्रश्न निराळा.

पहिलं काम: आहे तो ब्रेक तपासा

सपाट जागा, चाकांना उटी (सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा), जॅक आणि जॅकशेजारी घोडी (गाडी पेलणारा स्टँड). नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. गॅरेजमध्ये पोरं घालतात, म्हणून आपण घालायचा असं नाही.

चाक काढण्याआधी पेडलवर पाय ठेवून बघा, अर्धं निदान तिथेच होतं. पेडल मऊ लागतं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतं? आत हवा आहे, किंवा मागचे शू ड्रमपासून लांब गेलेत. दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं? मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलतो तो) रबर गेलंय किंवा कुठे तरी गळती आहे. दगडासारखं कडक आहे आणि गाडी थांबत नाही? बूस्टर (व्हॅक्यूमने पायाला मदत करणारा भाग) बघा.

बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूमची नळी, तिच्यातला एकदिशा व्हॉल्व्ह आणि पंप तपासा. आपल्याकडच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत हा पंप आल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. आल्टरनेटर दुरुस्त करून आणल्यावर ब्रेक कडक झाला तर संशय तिथेच घ्यायचा.

आता चाकं काढा. पुढच्या कॅलिपरमध्ये आतला पॅड आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेत का बघा. चिखलात फिरलेल्या गाडीत बहुधा नसतात. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून अडकतात, मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच काम करतो आणि झिजून पत्र्याला येतो. पिना काढा, पॉलिश पेपरने साफ करा, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावा आणि फाटलेली रबरी बुटं बदला. चासिसचं नेहमीचं ग्रीस इथे चालत नाही. ते उष्णतेने वाहतं आणि रबर फुगवतं. एवढ्या एका कामाने कित्येक गाड्यांचा "ब्रेक कमी लागतो" हा आजार जातो.

डिस्कवर किमान जाडी ओतलेली किंवा कोरलेली असते. व्हर्निअरने मोजा, त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर टर्निंग मारून पैसे घालवू नका, नवी घ्या. कॅलिपर उतरवला की तो होजवर लटकता ठेवू नका, तारेने सस्पेन्शनला बांधा. होज आतून चिरतो, बाहेरून काहीच दिसत नाही.

मागचा ड्रम उघडला की पहिली गोष्ट धुळीची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपने ती धूळ उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने ओली करून पुसायची. मग व्हील सिलिंडरची (शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी बोटाने किंचित उचला. आत ओलं दिसलं तर सिलिंडर गळतोय. लायनरच तेलकट असेल आणि वास गिअर ऑइलचा असेल, तर दोष ब्रेकचा नाही, अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलचा आहे. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत सील वारंवार जात असेल तर अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा जायची वाट) बघा. तो चिखलाने बुजला की तापलेल्या अ‍ॅक्सलमधली हवा सील ढकलून वाट काढते. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचा मोह होईल. लावू नका.

ड्रममध्ये कडेला उंचवटा आला असेल तर लेथवर घेता येतो, पण ड्रमवर लिहिलेल्या कमाल व्यासाच्या आतच. शू बसवल्यावर अ‍ॅडजस्टर अशा बेताने फिरवा की चाक हाताने फिरवताना हलकीशी घासट ऐकू येईल, पण चाक अडणार नाही. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. केबल ओढून शू जवळ आणणारे मिस्त्री भेटतात. त्याने हँडब्रेक घट्ट वाटतो आणि पायाचा ब्रेक होता तिथेच राहतो.

दुसरं काम: ब्रेक ऑइल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुधारणा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ नव्याने भरलेलं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. घाटात "अचानक ब्रेक गेला" म्हणतात त्यात हा प्रकार पुष्कळदा असतो, आणि गाडी थंड झाल्यावर ब्रेक परत आलेला असतो. त्यामुळे मिस्त्रीला काहीच सापडत नाही.

झाकणावर डॉट ३ लिहिलेल्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नावात नुसतं पॉइंट एकचं अंतर दिसलं तरी ते ५.१ चं भावंड नाही आणि इतर कशातही मिसळायचं नाही. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. कोकणात राहत असाल किंवा गाडी दर पावसाळ्यात पाण्यात उतरत असेल तर वर्षाला. अर्धी उरलेली बाटली पुढच्या खेपेला जपून ठेवू नका, ती तोपर्यंत पाणी पिऊन बसलेली असते.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत साधारणपणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. निपलवर (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूवर) आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नीट बसणारा रिंग पाना वापरा. फिक्स पान्याने निपलचे कोपरे गोल होतात आणि मग अख्खा कॅलिपर उतरवावा लागतो. पारदर्शक नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

आत बसलेल्याला सांगायचं, "दाब." तो दाबतो आणि "दाबलं" म्हणतो. तुम्ही निपल पाव फेरा सोडता, काळपट ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. "धरून ठेव." निपल बंद. "सोड." हाच पाढा बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत. मध्ये दर पाच-सहा खेपांनी वरची टाकी बघायची. ती रिकामी झाली की हवा आत गेली आणि सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन रोज जेवढा सरकतो तेवढाच भाग आतून गुळगुळीत असतो, त्यापलीकडे गंज आणि गाळ. हवा काढताना पेडल तळापर्यंत मारलं की रबर त्या गंजावर घासतं आणि दुसऱ्या दिवशी चांगला मास्टर गळू लागतो. आणि एक: ब्रेकचा कुठलाही भाग डिझेल-पेट्रोलने धुऊ नका. आपल्याकडे ही सवय फार. खनिज तेलाने ही रबरं फुगतात. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंगाची साल निघते.

तिसरं काम: पॅड

टायरने जोर १२ टक्क्यांनी घटवला होता. उरलेला जोर १४ टक्क्यांनी वाढवला की तो भरून निघतो, आणि ती वाढ इथे मिळवायची. परदेशी आणि काही देशी पॅडच्या पाठीवर किंवा कडेला लांबलचक क्रमांकाच्या शेवटी दोन अक्षरं असतात. पहिलं नेहमीच्या तापमानाला पॅड किती पकडतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घर्षणांक ०.३५ वरून ०.४० झाला तर पुढच्या चाकांचा जोर १४ टक्क्यांनी वाढतो. ३३ इंची टायरने नेलेलं भरून काढायला नेमकं तेवढंच लागतं. कॅलिपर तोच, डिस्क तीच.

दुसरं अक्षर पहिल्याइतकंच महत्त्वाचं. एफई असेल तर पॅड तापल्यावर ढिला पडतो, घाटाच्या गाडीला तो नको. एफएफ चांगला. जीजी दिसला म्हणून लगेच उडी मारू नका, काही चढ्या आकड्यांचे पॅड थंडीत नीट पकडत नाहीत आणि डिस्क खातात. चिखल-दगडांतल्या गाडीला सेमी-मेटॅलिक पॅड मानवतो. आवाज थोडा करतो, रिमवर काळी भुकटी टाकतो, पण उष्णता सोसतो. सिरॅमिक शहरात छान.

पॅड बदलले तसे मागचे लायनरही चांगल्या प्रतीचे घ्या, आणि अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी. एकाच चाकाचा पॅड बदलला की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

नवे पॅड बसवून थेट ट्रेकला निघू नका. सकाळी लवकर मोकळ्या सरळ रस्त्यावर ६० पर्यंत वेग न्या, बऱ्यापैकी दाबून १५ पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका, ब्रेक सोडा. अर्धा मिनिट चालवून पुन्हा. असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली तर तिथे पॅडच्या आकाराचा ठसा बसतो आणि पुढे कायम पेडल थरथरतं. थरथर आली की सगळे "डिस्क वाकली" म्हणतात. पुष्कळदा ती वाकलेली नसते, डागाळलेली असते.

चौथं काम: लिफ्ट केली असेल तर होज आणि व्हॉल्व्ह

गाडी उंच केली की चाक खाली लटकताना होज ताणला जातो. एका बाजूचं चाक दगडावर किंवा रॅम्पवर चढवा, म्हणजे दुसरं पूर्ण लटकेल, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. होज कुठेही ताठ होता कामा नये, टायरला किंवा स्प्रिंगला घासता कामा नये. मागच्या अ‍ॅक्सलला मध्यभागी उतरणारा होज सगळे विसरतात.

होज लांब लागला तर स्टीलच्या जाळीचा, आत टेफ्लॉनची नळी असलेला, प्रमाणित घ्या. तो दाबाने फुगत नाही म्हणून पेडल थोडं नेमकं लागतं, पण ब्रेकचा जोर त्याने वाढत नाही. तसं सांगून विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लोखंडी बंडी पाइप बदलताना टोकाला दुहेरी फ्लेअर (दोनदा दुमडून पसरवलेलं टोक) मारलेलाच हवा. तांब्याची नळी आणून जोडणारे आहेत. तांबं थरथरीने कडक होतं आणि चिरतं.

आता जे फार थोडे गॅरेजवाले बघतात ते. पुष्कळ गाड्यांत चासिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. मागे सामान भरलं की चासिस खाली बसतं, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गरगरत नाही. तुम्ही लिफ्ट केलीत की चासिस अ‍ॅक्सलपासून लांब गेलं. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कायमचा कापतो. मागे चार माणसं आणि टपावर सामान असतानाही! मग पुढचे पॅड लवकर झिजतात आणि मालक मोठ्या डिस्कच्या शोधात निघतो. दांड्याचा ब्रॅकेट लिफ्टच्या मापाने वाढवून पूर्वीचा कोन परत आणला की झालं. व्हॉल्व्ह काढून टाकून सरळ पाइप जोडणं हा उपाय नव्हे. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी मागून फिरेल.

एवढं करूनही कमी पडत असेल तर

तेव्हा मोठ्या डिस्कचा विचार. डिस्कचा व्यास २० मिलिमीटरने वाढला तर पॅड जिथे पकडतो ती त्रिज्या वाढते १० मिलिमीटरनेच. समजा ती त्रिज्या ११५ मिलिमीटर आहे. १४ टक्के भरून काढायचे तर डिस्क ३२ मिलिमीटरने मोठी लागेल. ती मूळ रिममध्ये मावेलच असं नाही. रिम मोठी केली की टायरची बाजूची भिंत आखूड होते, आणि हवा कमी करून वाळूत-दगडांत जायचं तर तीच भिंत हवी असते. म्हणून मोठ्या डिस्कचा खरा फायदा जोरापेक्षा उष्णता साठवण्यात आहे: जड गाडी, लांब घाट, ट्रेलर. भोकं पाडलेली डिस्क मात्र आपल्या कामाची नाही. भोकांत चिखल आणि खडे अडकतात, पॅड खरवडतात आणि भोकाच्या कडेपासून तडे जातात. खाचांची डिस्क त्यातल्या त्यात बरी, साधी डिस्क उत्तम.

मास्टर सिलिंडरबाबत एक गैरसमज इतका पक्का आहे की तो मिस्त्रींनाही असतो: मोठा मास्टर म्हणजे जास्त ब्रेक. उलट आहे. पाऊण इंचाहून जरा मोठा, म्हणजे ७/८ इंची मास्टर काढून एक इंची बसवलात तर पायाचा तोच जोर मोठ्या क्षेत्रफळावर वाटला जातो आणि नळीतला दाब सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतो. पेडल कडक आणि उंच लागतं, म्हणून बरं वाटतं, पण गाडी लांब थांबते. मोठा मास्टर तेव्हाच, जेव्हा कॅलिपरचे पिस्टन मोठे केलेत आणि जुना मास्टर पुरेसं ऑइल ढकलू शकत नाही.

मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवायची हौस पुष्कळांना असते. चिखल लवकर झटकला जातो हे खरं. पण हँडब्रेकचं काय? ड्रममध्ये तो आपसूक आहे. डिस्कमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असलेला कॅलिपर किंवा आत छोटा ड्रम असलेली डिस्क लागते, आणि ती केबलसकट जुळवावी लागते. चढावर इंजिन बंद पडलेली गाडी हँडब्रेकशिवाय धरून बघा, हौस फिटेल. नवशिक्याने यात पडू नये असं माझं मत आहे.

जुन्या जीपचं वेगळं

चारही ड्रम आणि जुन्या पद्धतीचा एकच सर्किटचा मास्टर असलेली जीप घेतली असेल, तर डिस्क विसरा. आधी दुहेरी सर्किटचा टँडम मास्टर. एकाच सर्किटमध्ये कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दगडधोंड्यांतून जाणाऱ्या गाडीत हा धोका पुस्तकी नाही.

त्यानंतर बूस्टर, आणि मग पुढे डिस्क. हा क्रमही मुद्दाम आहे. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो आणि पायाला मदत करतो. डिस्कमध्ये अशी मदत नाही. बूस्टरशिवाय डिस्क बसवली तर पेडलवर उभं राहावं लागेल. आणखी एक खोड: ड्रमसाठीच्या मास्टरमध्ये थोडा दाब नळीत राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या बाजूला राहिला तर पॅड सुटतच नाहीत, दहा किलोमीटरमध्ये चाकाजवळ जळका वास येतो. रिमचे पाच बोल्ट जुळले म्हणजे काम झालं असंही नाही, रिमच्या आतून कॅलिपरला जागा आहे का ते हात घालून तपासा. आणि हे काम अशाच माणसाकडून करून घ्या ज्याने त्याच मॉडेलवर पूर्वी केलंय आणि ती गाडी दाखवू शकतो.

एबीएस असेल तर

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. खडीवर आणि वाळूत एबीएसने थांबायचं अंतर वाढू शकतं, म्हणून फ्यूज काढून ठेवणारे आहेत. परतीच्या ओल्या डांबरी रस्त्यावर तो फ्यूज त्यांना आठवत नाही. काढू नका. सेन्सरच्या वायरी लिफ्टनंतर ताणल्या जात नाहीत ना एवढं बघा, आणि हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) गेली असेल तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच जा. नव्या थारमध्ये घसरणारं चाक ब्रेक लावून रोखायची सोय आहे. म्हणजे चढावर तुम्ही पेडलला पाय न लावताही ब्रेक तापत असतो, पॅड झिजत असतात. चिखलाच्या दिवसानंतर "मी तर ब्रेक मारलाच नाही" हा हिशेब या गाडीत चालत नाही.

मग गाडी बाहेर काढा

पहिली चाचणी रिकाम्या मैदानात. २० च्या वेगाने, मग ४०, मग ६०. गाडी सरळ थांबते का, पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक होतात का, हे दुसऱ्या कोणाला तरी बाहेर उभं करून बघायला सांगा. घरी येऊन प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. गळती कागदावर लगेच दिसते. चाकांचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

कच्च्या उतारावर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी मंद गिअरची जोडणी) आणि पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेक नुसता मदतीला. मध्येच इंजिन बंद पडलं तर पेडल पुन्हा पुन्हा मारू नका. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम शिल्लक असतो. एकदाच घट्ट दाबून धरा, हँडब्रेक ओढा, मग गिअर टाकून इंजिन चालू करा.

ओढ्यातून बाहेर पडलात की शे-दोनशे मीटर हळू चालवत डाव्या पायाने ब्रेक हलका टेकवून ठेवा, पॅड आणि लायनर सुकतात. तांबड्या मातीचा चिखल ड्रममध्ये गेला की सुकून पॉलिश पेपरसारखा लायनर खातो, म्हणून घरी आल्यावर बॅकप्लेटच्या भोकातलं रबरी बूच काढून आत पाणी सोडा आणि खालून स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग हँडब्रेक न ओढता, गिअरमध्ये आणि चाकाला उटी लावून रात्रभर सुकू द्या. ओला शू हँडब्रेकवर ठेवला तर सकाळी ड्रमला चिकटलेला सापडतो. चिखलात दिवसभर खेळला असाल तर बुचावर भागवू नका, ड्रमच काढा.